वेगळं राहायचं ठरतंय? आधी घराचं आणि मुलाचं बघा

नवरा-बायकोचं पटेनासं झालं की आपल्याकडे कोर्टाच्या आधी बॅग भरली जाते. ‘चार दिवस माहेरी जाऊन ये, डोकी शांत होतील,’ असं कुणीतरी वडीलधारं सांगतं. ती मुलाला घेऊन जाते आणि चार दिवसांचे चार महिने होतात. तोवर फ्लॅटचं कुलूप बदललेलं असतं, मुलाचं नाव शाळेच्या पटावर असतं पण हजेरी नसते, आणि दोन्हीकडच्या मामा-काकांच्या तीन बैठका निष्फळ झालेल्या असतात. मग वकिलाकडे पहिला प्रश्न येतो, ‘घटस्फोट किती दिवसांत मिळेल?’ माझ्या मते हा प्रश्न पाचवा-सहावा असायला हवा. वाद असेल तर घटस्फोटाच्या निकालाला वर्षं लागतात. पण त्या वर्षांत कोण कुठे राहणार आणि मूल कुणाकडे झोपणार, हे बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातं. एकदा बसलेली घडी मोडायला न्यायाधीश सहसा राजी नसतात.

म्हणून आधी घराचं बोलू. एक गैरसमज दोन्ही टोकांनी पसरलेला आहे. बायकांना वाटतं, लग्न झालं म्हणजे नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा हिस्सा. सासरच्यांना वाटतं, फ्लॅट आमच्या नावावर आहे म्हणजे सुनेला कधीही बाहेर काढता येईल. दोन्ही चूक. नवरा हयात असताना त्याच्या नावावरच्या घरात पत्नीला केवळ लग्नामुळे मालकी मिळत नाही. पण राहण्याचा हक्क मिळतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा, ज्याला कोर्टात सगळे नुसतं ‘डीव्ही’ म्हणतात, त्याच्या कलम 17 नुसार घरात तिचं नाव असो वा नसो, मालकी हक्क असो वा नसो, कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला सामायिक घरातून काढता येत नाही. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यात हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. पैसे बंद करणं, स्त्रीधन अडवून ठेवणं, घरात येऊ न देणं हा आर्थिक छळही त्यात येतो. कुलूप बदलणं ही बाब तिथेच बसते.

‘पण घर सासूबाईंच्या नावावर आहे हो,’ हे वाक्य मात्र बरीच वर्षं हुकमाचं पान होतं. 2006 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बत्रा प्रकरणात असं म्हटलं होतं की घर नवऱ्याचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा एकत्र कुटुंबाचं असेल तरच ते सामायिक घर. त्यानंतर नवऱ्याचा फ्लॅट घाईघाईने आईच्या नावावर चढवण्याचे प्रकार झाले. 15 ऑक्टोबर 2020 रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बत्रा निकालातली ही व्याख्या चुकीची ठरवली. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं, असं त्यांनी सांगितलं. अट एवढीच की सुनेचं तिथे राहणं काहीसं स्थिर असलं पाहिजे. गणपतीला आठ दिवस कोकणातल्या घरी जाऊन आलं, एवढ्यावर ते सामायिक घर होत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक निकाल आला: ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा पुढे करून सुनेचा हा राहण्याचा हक्क परस्पर बाद करता येणार नाही.

याचा अर्थ सासू-सासऱ्यांनी हात चोळत बसायचं, असं नाही. त्याच आहुजा निकालात म्हटलं आहे की हा हक्क निरंकुश नाही. वृद्धांनाही आपल्या घरात शांतपणे राहण्याचा हक्क आहे आणि कोर्टाने दोन्ही पारडी बघायची आहेत. अशा वेळी डीव्ही कायद्याचं कलम 19 कामी येतं. त्याखाली कोर्ट सुनेला घराबाहेर काढण्यास मनाई करू शकतं, घर विकण्यावर किंवा गहाण टाकण्यावर बंदी घालू शकतं, नवऱ्याला बाहेर राहायला सांगू शकतं. मात्र घराबाहेर काढण्याचा हा हुकूम घरातल्या स्त्रीविरुद्ध, म्हणजे सासू-नणंदेविरुद्ध, देता येत नाही. शिवाय त्याच दर्जाचं दुसरं घर द्या किंवा त्याचं भाडं भरा, असाही आदेश कोर्ट देऊ शकतं.

मला स्वतःला हा शेवटचा पर्याय अनेकदा शहाणपणाचा वाटतो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. एका बेडरूमचा आणि स्वयंपाकघर वापरण्याचा आदेश कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात तिची भांडी ओट्याखालच्या कप्प्यातून गायब होतात, गॅस सिलिंडरचं बुकिंग बंद होतं, फ्रिजला कुलूप लागतं, वॉशिंग मशीनची वायर काढून कपाटात ठेवली जाते. तरीही त्याच घरात राहायचं ठरलं, तर अर्जात ‘घरात राहू द्यावे’ एवढंच लिहू नका. कोणती खोली, कोणतं स्वच्छतागृह, स्वयंपाकघराचा वापर, मुख्य दाराची किल्ली, वीज, पाणी, गॅस, सोसायटीच्या गेटवरची नोंद हे सगळं नावानिशी मागा. न मागितलेलं आदेशात येत नाही. भाडं मागणार असाल तर त्याच परिसरातल्या, तेवढ्याच आकाराच्या तीन-चार घरांची भाडी कागदावर दाखवा. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचे असतात आणि दर वेळी भाडं वाढतं, म्हणून अनामत रक्कम, एजंटचं कमिशन आणि वार्षिक वाढ हेही अर्जात घाला. हे राहिलं की दुसऱ्या वर्षी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

अर्ज करणं वाटतं तितकं अवघड नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी हा अर्ज भरून देतात आणि घटनेचा अहवालही तयार करतात. थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. तो अहवाल नाही म्हणून अर्ज फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्ज जिथे लग्नाचं घर आहे तिथेच करायला हवा असंही नाही. ती तात्पुरती माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालतो. नवरा ठाण्याचा आणि माहेर लातूरचं असलं, तरी दर तारखेला रेल्वेचा खर्च करण्याची गरज नाही. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे कोर्टाचा व्हरांडा पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून मुख्य अर्जासोबतच कलम 23 खाली अंतरिम आदेशाचा अर्ज जोडा. प्रकरण निकडीचं असेल तर प्रतिज्ञापत्रावर, समोरच्याला न ऐकताही, तात्पुरता आदेश मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्या बाईलाही मोफत वकील मिळू शकतो आणि ही गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते. त्यांची हेल्पलाइन 15100, महिलांसाठी 181. मारहाण चालू असेल तर हक्क-बिक्क नंतर, आधी 112 आणि सुरक्षित जागा. मार खात घर धरून बसल्याने केस मजबूत होत नाही, आणि जीव वाचवायला घर सोडलं म्हणून राहण्याचा हक्क जात नाही. कायद्यात ‘राहते किंवा कधीकाळी राहिलेली आहे’ असे शब्द आहेत.

मारहाणीचा धोका नसेल आणि निघायला वेळ असेल, तर कपड्यांच्या आधी कागद घ्या. लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा निकाल, दोघांचे पासपोर्ट, फ्लॅटच्या कराराची प्रत, गृहकर्जाचं स्टेटमेंट, त्या पत्त्यावर तुमचं नाव असलेलं काहीही: रेशनकार्ड, आधार, बँकेचं पत्र. दागिन्यांचे फोटो काढा, लॉकर कुणाच्या नावे आहे ते पाहा. घर खरोखर कुणाच्या नावावर आहे हे ऐकीव माहितीवर सोडू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो. गावाकडे सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढा. कधीकधी असंही निघतं की ज्या घराला ‘आमचं’ म्हणत होते त्यात तुमचंही नाव आहे. दोघांच्या नावावरचा फ्लॅट असेल तर कुलूप बदलण्याचा हक्क दोघांपैकी कुणालाही नाही. पण कर्जातही तुमचं नाव असेल, तर तुम्ही घर सोडलं म्हणून बँक तुम्हाला सोडत नाही. हप्ता थकला की दोघांचा सिबिल बिघडतो. नवरा फ्लॅट विकायच्या बेतात असेल तर विक्रीला मनाई मागा आणि आदेशाची प्रमाणित प्रत सोसायटी, बँक आणि दुय्यम निबंधक कार्यालय, तिन्हीकडे देऊन पोच घ्या. पोच घेतली नाही तर दिलं-न-दिलं सारखंच.

पुरुष वाचकांसाठी इथे थोडं. डीव्ही कायद्याखाली नवऱ्याला अर्ज करता येत नाही, पण म्हणून त्याला काही हक्कच नाहीत असं नाही. स्वतःच्या घरातून त्याला कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणी काढू शकत नाही. उत्पन्न नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली तोही अंतरिम पोटगी मागू शकतो. मुलाचा ताबा आणि भेटी मागण्याचा त्याचा हक्क तर आईइतकाच आहे. फक्त कुलूप बदलून, एटीएम कार्ड बंद करून किंवा मुलाला शाळेच्या गेटवरून परस्पर गावी नेऊन तो स्वतःची बाजू पहिल्याच दिवशी बिघडवतो.

आता मुलाचं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं हिंदू अल्पवयीनत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये म्हटलं आहे. त्यावरून लोकांनी ‘पाच वर्षं झाली की बापाकडे’ असा उलटा नियम बनवला आहे. असा नियम नाही. मुस्लिम कायद्यात हनफी परंपरेनुसार मुलगा सातव्या वर्षापर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, असा संकेत आहे. पण कोणत्याही धर्माचं प्रकरण असो, शेवटी कोर्ट एकच गोष्ट बघतं: मुलाचं हित. आईचा पगार कमी आहे म्हणून ताबा जात नाही, कारण मुलाचा खर्च वडिलांकडून घेता येतो. आई नोकरी करते म्हणूनही जात नाही, आणि वडील आहेत म्हणून आपोआप नाकारलाही जात नाही. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून, दोन्ही पालकांना बाहेर बसवून, बोलतात.

आणि तिथेच बरीच बिंगं फुटतात. पढवलेलं मूल दोन मिनिटांत ओळखू येतं. आठ वर्षांची मुलगी ‘पप्पांनी आर्थिक छळ केला’ असं बोलायला लागली की शब्द कुणाचे आहेत हे कुणाला कळणार नाही? मुलाकडून मोबाइलवर कबुलीजबाब रेकॉर्ड करून घेणारे पालक तर स्वतःच्या हाताने पुरावा तयार करतात, आणि तोही स्वतःविरुद्ध. कोर्टाला खरं तर फार साध्या गोष्टी हव्या असतात. शाळेच्या डायरीत सही कुणाची? पालकसभेला कोण जातं? बालरोगतज्ज्ञांच्या फाइलवर कुणाचा नंबर? रिक्षाकाका अडचण आली की कुणाला फोन करतात? रात्री ताप आला तर औषधाचं प्रमाण कुणाला पाठ आहे? ताबा मागताना ‘माझं तिच्यावर जिवापाड प्रेम आहे’ या वाक्यापेक्षा असं एक पान जास्त वजनदार ठरतं.

म्हणूनच मुलाची शाळा, क्लास, डॉक्टर, झोपण्याची जागा शक्यतो बदलू नका. माहेरी जाणं अटळ असेल तर शाळेला लेखी कळवा, दाखला घाईने काढू नका. नव्या गावात शाळा बदलावीच लागली तर त्याआधी नवऱ्याला मेसेज करून कळवा आणि तो जपून ठेवा. पालक-पाल्य कायद्यानुसार ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा असतो. त्यामुळे मुलाला रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात हलवणं हा कोर्ट बदलण्याचा डाव वाटू शकतो, आणि तो महागात पडतो.

समोरच्याने मूल पळवून नेलं तर? पोलीस ठाण्यात बहुतेकदा ऐकावं लागतं, ‘बाई, बापच आहे ना, गुन्हा कसला दाखल करू?’ त्यावर वाद घालण्यात आठवडा घालवू नका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि त्याच आठवड्यात कोर्टात जा. डीव्ही कायद्याच्या कलम 21 खाली तात्पुरता ताबा मागता येतो, कौटुंबिक न्यायालयात अंतरिम अर्ज करता येतो आणि काही परिस्थितीत उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिकाही चालते. इथे उशीर हाच सर्वांत मोठा शत्रू. आठ-दहा महिन्यांनी गेलात तर समोरचा वकील म्हणणार, मूल आता आजीकडे रुळलंय, त्याला का हलवायचं? आणि तो मुद्दा बिनतोड असतो.

ताबा एकाकडे गेला म्हणजे दुसऱ्याचं पालकत्व संपलं नाही. भेटीचं वेळापत्रक कोर्ट ठरवून देतं: एकाआड एक शनिवार-रविवार, दिवाळीची आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी, वाढदिवसाचे काही तास, आठवड्यातून ठरावीक वेळा व्हिडिओ कॉल. तणाव फार असेल तर भेट कोर्टाच्याच इमारतीतल्या मुलांच्या खोलीत होते. तासाभराची ती भेट अवघडलेली असते. बाप नवी गाडी घेऊन येतो, मूल दाराकडे बघत बसतं. पण तीच भेट पुढे घराबाहेरच्या भेटीचा आणि मग मुक्कामाचा पाया होते. म्हणून आईनेही ‘आज त्याला सर्दी आहे’ म्हणत ती मोडू नये. पोटगी आणि भेट यांची सांगड घालण्याची चूक दोन्हीकडून होते. पैसे आले नाहीत म्हणून भेट बंद, किंवा भेट मिळत नाही म्हणून पैसे बंद. कोर्ट या दोन गोष्टी वेगळ्या मानतं आणि सांगड घालणाऱ्यालाच आधी बोलतं.

पोटगीबद्दल इथे एवढंच. नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे अर्ज लांबवला तेवढे महिने तुमचे गेले. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचं जे कलम 125 होतं ते 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं आहे. जुना नंबर सांगणारा वकील चुकीचा नव्हे, सवयीचा गुलाम आहे.

ग्रामीण भागात अजूनही स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून, चार पंचांच्या सह्या घेऊन विषय मिटवला जातो. त्यात बाई लिहून देते की घरावर आणि पोटगीवर माझा हक्क राहिला नाही. कायद्याने सिद्ध होणारी जातीची रूढी असेल तेवढा अपवाद सोडला, तर नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नाही. असा कागद समोर आला तर सही करू नका. केलेली असेल तर सगळं संपलं असंही समजू नका.

गोव्यात चित्र निराळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही. म्हणजे जी मालकी महाराष्ट्रातल्या पत्नीला नाही, ती गोव्यातल्या पत्नीला लग्नानेच मिळते. सावंतवाडीची मुलगी पेडण्यात दिली, तर विवाह नोंदणीचे कागद नीट सांभाळावेत. परदेशातून मुलाला घेऊन पुण्याला आलेल्या आई-वडिलांसाठीही एक गोष्ट: मुलांना परस्पर दुसऱ्या देशात नेण्याविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही. तिकडच्या कोर्टाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही, पण इथलं कोर्ट तो विचारात घेतं आणि मुलाच्या हिताचं वाटलं तर परतही पाठवतं. ‘एकदा भारतात आलो की सुटलो,’ हा सल्ला देणाऱ्या मावशींचं ऐकू नका.

शेवटी बरीच प्रकरणं संमतीने मिटतात. तेव्हा संमतीच्या अटींचा मसुदा घाईने वाचू नका. ‘मुलाला सोयीनुसार भेटू दिले जाईल’ ही ओळ म्हणजे पुढच्या भांडणाचं आमंत्रण. वार, वेळ, कोण आणून सोडणार, आजारी पडल्यास बदली दिवस कोणता, सगळं लिहा. फ्लॅट पत्नीच्या नावावर करायचा ठरला असेल तर तो केव्हा करायचा हेही बघा. महाराष्ट्रात पती-पत्नींमध्ये राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, स्थानिक अधिभार आणि नोंदणी खर्च वेगळा. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पती-पत्नी राहत नाही आणि ही सवलतही राहत नाही. शक्य असेल तर बक्षीसपत्राची नोंदणी अंतिम तारखेच्या आधी उरका. कर्ज बाकी असेल तर त्याहीपूर्वी बँकेची लेखी संमती घ्या, आणि सोसायटीच्या भागदाखल्यावर नाव चढल्याशिवाय शेवटची सही करू नका.